अपेक्षेपेक्षा लांबलेले वास्तव्य

कंपनीतले एक ॲप विनातक्रार चालत असल्याचे मंगळवारी मोठ्या साहेबांच्या निदर्शनास आले. बुधवारी ही बातमी सगळ्या मजल्यांवर पसरली आणि गुरुवारी चौकशी सुरू झाली.

कंपनीचा धंदा लिफ्टचा. शहरभरच्या इमारतींत लिफ्ट बसवायच्या आणि बंद पडल्या की मेकॅनिक पाठवायचे. बंद पडल्याचे फोन घ्यायला तळमजल्यावर, जिन्याखाली, काचेची एक खोली होती आणि तिच्यात अकरा वर्षे एकच बाई बसत होती. तिला सगळे टेलिफोनताई म्हणत. तिचे खरे नाव हजेरीपटाला ठाऊक असावे.

अकरा वर्षांत ताईला आवाजाची पारख आली होती. जो ओरडायचा, तो बहुधा बाहेरचा असायचा. जिना चढून दमलेला. जो आत अडकलेला असायचा, तो सुरुवातीला फार अदबीने बोलायचा. "तसं काही नाही, सावकाश आलात तरी चालेल," असे कुणी म्हणाले की ताई ताडकन उठून उभी राहायची आणि जवळच्या मेकॅनिकला फोन लावायची.

तिची नणंद एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. "वहिनी, दिवसभर तेच तेच वहीत खरडता, ते यंत्राला करू द्या की," असे ती एकदा बोलून गेली. ताईने ते मनावर घेतले. आठ महिने नणंदेच्या क्लासात मागच्या बाकावर बसून ती प्रोग्रॅम लिहायला शिकली आणि मग चार दुपारी खपून तिने एक ॲप तयार केले. त्यात एकच पान होते आणि चार चौकटी: कुठे, कितवा मजला, काय झाले, आत कुणी आहे का. शेवटच्या चौकटीत 'हो' म्हटले की ती ओळ लालभडक होऊन सगळ्यांच्या वर जाई आणि सर्वांत जवळच्या मेकॅनिकचा मोबाइल तो उचलेपर्यंत बोंबलत राही. पान्हेवाले काका म्हणून सगळ्यांत जुने मेकॅनिक होते. "ताई, आमच्या हाताला ग्रीस असतं. बटण तळहाताएवढं ठेव," असे ते म्हणाले आणि तिने ठेवले. फोन आल्यापासून मेकॅनिक निघेपर्यंत सरासरी सहा मिनिटे लागू लागली.

हे असेच चालत राहिले असते. पण मोठे साहेब एका परिषदेला गेले आणि तिथे जेवणाच्या रांगेत शेजारच्याने त्यांना विचारले, "तुमच्याकडे अंतर्गत ॲप कशी विकसित होतात?" साहेब "उत्तम" म्हणाले खरे, पण घास त्यांच्या घशाखाली उतरेना. परत आल्याबरोबर त्यांनी एक सल्लागार नेमला आणि ताईला वर बोलावले.

"हे तुम्ही केलंत?"

"हो साहेब."

"कुणाच्या आदेशावरून?"

"आदेश असा नव्हता. फोन फार यायचे."

"किती जणांनी मिळून?"

"मी एकटीनेच. बटण केवढं हवं ते तेवढं काकांना विचारलं."

"किती दिवस लागले?"

ताईने आवाज खाली आणला. "चार दुपारी."

साहेबांनी सल्लागाराकडे पाहिले. सल्लागाराने डोळे मिटून घेतले. रोग्याने दुखणे किती दिवस अंगावर काढले हे ऐकून डॉक्टर मिटतात तसे. तो सडपातळ, स्वच्छ गृहस्थ होता आणि त्याच्या खिशाला चार रंगांची चार पेने होती.

"ॲप चालतं, हे मी नाकारत नाही," तो म्हणाला. "पण ते का चालतं, हे कुठेही लिहिलेलं नाही. कागदावर नसलेलं चालणं म्हणजे निव्वळ योगायोग. उद्या बंद पडलं तर?"

"तर मी दुरुस्त करीन," ताई म्हणाली.

"हाच तर धोका आहे!" सल्लागार साहेबांकडे वळून म्हणाला. साहेबांच्या अंगावर काटा आला.

त्याच आठवड्यात 'अंतर्गत अनुप्रयोग विकास सुधारणा कक्ष' स्थापन झाला. कक्षात तेवीस माणसे होती. त्यांतल्या दोघांना प्रोग्रॅम लिहिता येत असे, पण त्यांना बैठकांमुळे सवड नव्हती. ताईवर अन्याय झाला असे मात्र कुणी म्हणू नये. तिला 'उत्पादन-स्वामिनी' हे पद मिळाले, तिसऱ्या मजल्यावर खिडकीजवळची जागा मिळाली आणि मानेला आधार असलेली खुर्ची मिळाली. त्या खुर्चीत ती पहिल्यांदा मागे रेलली, तेव्हा अकरा वर्षांचे पाठीचे दुखणे तिला एकदम आठवले आणि ती ते एकदम विसरलीही. घरी सासूबाईंनी तिचे छापील कार्ड शेजारणीला दाखवले. नवरा म्हणाला, "अहो स्वामिनी, चहा टाकता का, की त्यालाही बैठक घ्यावी लागेल?" ताई हसली. तिला बरे वाटत होते, आणि न वाटण्याचे काही कारणही नव्हते.

रोज सकाळी पंधरा मिनिटांची बैठक ठरली. ती लांबू नये म्हणून सर्वांनी उभ्याने घ्यायची, असा शास्त्रशुद्ध नियम होता. तेवीस जण प्रत्येकी आपण काल काय केले आणि आज काय करणार ते सांगत. काल त्यांनी बैठक केलेली असे आणि आज ते बैठक करणार असत. पण हे प्रत्येकाला आपापल्या शब्दांत सांगायचे असल्याने दोन तास लागत. दुसऱ्या आठवड्यात दोघांचे गुडघे सुजले. तेव्हा उभ्याने घ्यायच्या बैठकीसाठी चोवीस खुर्च्या मंजूर झाल्या. चोविसावी सल्लागाराच्या बॅगेसाठी होती.

कामांच्या रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर लावायच्या होत्या. चिठ्ठ्या वाढल्या तशी भिंत पुरेना, म्हणून त्या खिडकीवर आल्या आणि ताईला मिळालेला उजेड गेला. चिठ्ठ्या पडू लागल्या म्हणून एक चिठ्ठी-समन्वयक नेमला गेला. पडलेली चिठ्ठी कुठली होती हे त्याला कळत नसे, म्हणून तो ती जिथे जागा दिसेल तिथे लावी. आणि आश्चर्य म्हणजे त्याने कामात काहीच फरक पडला नाही.

मूळ ॲप रीतीने झालेले नसल्यामुळे ते पुन्हा, रीतीने करायचे ठरले. पहिली पायरी म्हणजे प्रत्येक गरज ठरावीक साच्यात लिहायची: 'अमुक म्हणून मला तमुक हवे आहे, जेणेकरून ढमुक होईल.' ताईने रात्रभर विचारबिचार न करता तिथल्या तिथे लिहून दिले: 'लिफ्टमध्ये अडकलेला माणूस म्हणून मला बाहेर यायचे आहे, जेणेकरून मी बाहेर येईन.'

सल्लागाराने तो कागद हिरव्या पेनाने परत केला. "यातून लाभ स्पष्ट होत नाही. बाहेर येऊन तो काय करणार?"

"घरी जाईल."

"त्यात कंपनीचं काय?"

तीन बैठकांनंतर वाक्य मंजूर झाले: 'लिफ्टमध्ये अडकलेला इसम म्हणून मला बाहेर यायचे आहे, जेणेकरून मी कंपनीच्या सेवेचा पुन्हा लाभ घेऊ शकेन.' ताईसमोर कागद आला. खाली बारीक अक्षरात छापले होते: 'मी वरील सर्व वाचले असून मला ते मान्य आहे.' तिने सही केली. वाक्य काही खोटे नव्हते.

मग रंगतज्ज्ञ बाई आल्या. लाल रंगाने पाहणाऱ्याच्या मनावर ताण येतो, असे त्या म्हणाल्या. "ताण यावा म्हणूनच तो ठेवला होता," ताई म्हणाली. बाईंनी समजूतदारपणे मान हलवली आणि ओळ फिकट निळी केली. त्यानंतर वकीलसाहेब आले. 'माणूस अडकला आहे' असे कंपनीनेच आपल्या पडद्यावर लिहिणे म्हणजे गुन्ह्याची कबुली ठरेल, हे त्यांनी सर्वांच्या लक्षात आणून दिले. बरीच शब्दयोजना झाल्यावर, लिफ्टच्या डब्याला कॅब म्हणायचे असे ठरवून, 'कॅबमधील वास्तव्य अपेक्षेपेक्षा लांबले आहे' हे वाक्य सर्वानुमते ठरले. मोठ्या साहेबांना ते इतके आवडले की त्यांनी ते दोनदा मोठ्याने वाचून घेतले.

राहता राहिला प्रश्न क्रमाचा. अडकलेले वास्तव्य सगळ्यांच्या वर का, असा मुद्दा पंखा विभागाने काढला. पंख्याची घरघर ही काय तक्रार नव्हे? आरशावरचे डाग काय डाग नव्हेत? कुठल्याही विभागाचे मन दुखवणे सुधारणेच्या तत्त्वात बसत नव्हते. तेव्हा सर्व तक्रारींना क्रमांक एक देण्यात आला.

"पण सगळेच पहिले म्हटल्यावर मेकॅनिकने आधी कुठे जायचं?" ताईने विचारले.

"पहिल्याकडे," सल्लागार म्हणाला.

समोर कागद होता, कागदाला पिवळी पट्टी होती, पट्टीपाशी सहीची जागा होती. बाकी बावीस सह्या आधीच झालेल्या होत्या. एकटीसाठी सगळ्यांचा चहा अडला होता. तिने सही केली.

महिन्याभरात पान्हेवाले काका तिसऱ्या मजल्यावर आले. चिठ्ठ्यांनी भरलेल्या भिंतींकडे बघत ते दाराशीच उभे राहिले.

"ताई, आमचे मोबाइल वाजेनासे झालेत."

"काका, आवाजाची सोय दुसऱ्या टप्प्यात आहे. तुम्ही तक्रार नोंदवून ठेवा."

"कुठे?"

"ॲपवर."

"ते बटण आता मुगाएवढं झालंय. माझं बोट त्याच्यावर पडतं तेव्हा शेजारची तीन पडतात. काल मी पंखा दुरुस्त केला आणि रजेचा अर्ज गेला."

"मी बघते," ताई म्हणाली.

काकांनी तिच्याकडे, मग खुर्चीकडे पाहिले. "खुर्ची चांगली आहे," ते म्हणाले आणि जिन्याने खाली गेले. ताईचा त्या दिवशी कामात जीव लागला नाही. पण त्या दिवशी काम असे काही नव्हतेच.

नवे ॲप सुरू झाले त्या दिवशी टेलिफोन बंद झाला. फोन करणारे ग्राहक भावनेच्या भरात बोलतात, त्यामुळे माहिती अशुद्ध होते, असे कक्षाचे निरीक्षण होते. आता ग्राहकाने स्वतः ॲपवर नोंद करायची. त्यासाठी मोबाइलवर सहा आकडी संकेतांक येणार होता.

"लिफ्टमध्ये रेंज नसते," ताई म्हणाली. सगळी बैठक आपापल्या कागदांत पाहू लागली, कारण हे खरे होते.

"रेंज हा आपल्या कक्षाच्या कार्यकक्षेतला विषय नाही," अखेर सल्लागार म्हणाला. "मात्र सूचनेची दखल घेऊ." आणि घेतली. आठवड्याभरात प्रत्येक इमारतीत, लिफ्टच्या दाराशेजारी, सुबक चौकटीत एक फलक लागला: 'ग्राहकांनी अडकण्याबाबतची नोंद लिफ्टमध्ये शिरण्यापूर्वी करून ठेवावी.'

कामगिरी मोजण्याची पद्धतही सुधारली. आधी वेळ फोन आल्यापासून मोजत. आता ती तक्रार मंजूर झाल्यापासून मोजू लागले. सहा मिनिटांची सरासरी चारवर आली. मोठ्या साहेबांनी पेढीतल्या माणसासारखे हात चोळले आणि अंतर्गत विकासाच्या उत्कृष्टतेसाठी दिल्या जाणाऱ्या एका पुरस्काराला कंपनीने अर्ज केला.

त्या अर्जाची रंगीत तालीम चालू होती, त्या दुपारी सव्वा वाजता एका सहा मजली इमारतीत एक निवृत्त मास्तर तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकले. वय चौऱ्याहत्तर, दम्याचा विकार, फवाऱ्याचे औषध घरी टेबलावर. पाचव्या मजल्यावर त्यांची बायको, इमारतीतल्या पोरांची आजी, जेवायची थांबली होती. किल्ल्यांनी दार वाजवल्याचा आवाज आला तेव्हा ती एकेक पायरी उतरत चौथ्या मजल्यावर आली. तिचे गुडघे असे होते की तो मजला उतरायला तिला बारा मिनिटे लागली.

"अहो, आत आहात का?"

"आहे. तू खाली कशाला आलीस? गुडघे दुखतील."

आजींनी कंपनीचा जुना नंबर लावला. 'आपण लावलेला क्रमांक सुधारण्यात आला आहे,' असे एका गोड आवाजाने सांगितले. मग त्यांनी ॲप उघडले. संकेतांक आला. ॲपने विचारले: 'कॅबमध्ये वास्तव्यास असलेली व्यक्ती आपणच आहात का?' आजी खरे बोलणाऱ्या. त्यांनी 'नाही' दाबले. तेव्हा त्रयस्थ व्यक्तीस तक्रार करायची असल्यास वास्तव्यास असलेल्या व्यक्तीचे स्वाक्षरांकित अधिकारपत्र जोडावे, असे आले.

आजी पुन्हा वर गेल्या. वही, पेन आणि फवारा घेऊन पुन्हा खाली आल्या. दाराच्या फटीतून कागद आणि पेन आत गेले. फवारा काही जाईना. मास्तरांनी अंधारात, लिफ्टच्या भिंतीवर कागद टेकवून सही केली. आजींनी तिचा फोटो काढून पाठवला. दहा मिनिटांनी उत्तर आले: 'सही नोंदीतील सहीशी जुळत नाही. कृपया प्रकाशात, सपाट पृष्ठभागावर सही करावी.'

तिसऱ्या सहीला मान्यता मिळाली तेव्हा साडेतीन वाजून गेले होते.

तिसऱ्या मजल्यावर मोठ्या पडद्यावर तक्रारींची यादी झळकत होती. एकूण तीनशे बारा, सगळ्या क्रमांक एक, सगळ्या डोळ्यांना सुखावणाऱ्या फिकट निळ्या. परीक्षकांसमोर कुणी कुठे उभे राहायचे ते सल्लागार सांगत होता. ताई दुसऱ्या रांगेत होती. यादी सरकता सरकता तिची नजर एका ओळीच्या शेवटच्या रकान्यावर पडली. 'अन्य सूचना' या रकान्यात आजींनी अडकल्याची वेळ आणि दमा लिहून खाली नवऱ्याने फटीतून सांगितलेले वाक्य जसेच्या तसे लिहिले होते: 'हे म्हणतात, तसं काही नाही, सावकाश आलात तरी चालेल.'

ताई ताडकन पुढे आली. "आत माणूस आहे."

"कुठल्या चिठ्ठीत?" चिठ्ठी-समन्वयकाने विचारले.

"लिफ्टमध्ये! सव्वा वाजल्यापासून! मेकॅनिकला फोन लावा."

"ताई, शांत व्हा," सल्लागार म्हणाला. "नोंद झालेली आहे. मंजुरी चालू आहे. मंजूर होईपर्यंत वेळ मोजलीच जात नाही, त्यामुळे उशीर झालेला नाही."

"त्याला दमा आहे, इथे लिहिलंय."

"दमा हा रकाना आपल्याकडे नाही. त्यांनी तो चुकीच्या जागी भरलाय."

ताई सगळ्यांकडे बघत राहिली. वाईट माणूस त्यांत कुणी नव्हता. दोघा-तिघांच्या चेहऱ्यावर खरोखरच काळजी होती, आणि ती काळजी कुठल्या चिठ्ठीवर लिहावी हे त्यांना कळत नव्हते. ताई खोलीबाहेर आली आणि जिन्यात उभी राहून तिने स्वतःच्या मोबाइलवरून काकांना फोन लावला. काका दोन गल्ल्या सोडून एका आरशावरच्या डागाचे चार कोनांतून फोटो काढत होते. सात मिनिटांत ते पोचले आणि अकराव्या मिनिटाला दार उघडले. मास्तर आत जमिनीवर बसले होते, ओठ काळेनिळे. आजींनी फवारा त्यांच्या तोंडाशी धरला आणि दुसऱ्या हाताने काकांचा ग्रीसने भरलेला हात धरून ठेवला. बराच वेळ त्यांनी तो सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी ताईवर आरोपपत्र आले. 'प्रक्रियाबाह्य सुटका' असे त्याचे शीर्षक होते. खाजगी मोबाइल वापरणे, मेकॅनिकशी थेट बोलणे, क्रमांक एकचा डाग अर्धवट सोडायला लावणे आणि तालमीतून निघून जाणे अशी चार कलमे होती.

"पण माणूस सुटला ना?" ताईने चौकशीत विचारले.

"माणूस सुटला," सल्लागार म्हणाला, "पण तक्रार सुटली नाही. आमच्या नोंदीप्रमाणे तो अजून आत आहे. आता बाहेर असलेल्या माणसाला आम्ही बाहेर काढायचं कसं?"

"आणि हो," मोठे साहेब जरा दुखावल्या आवाजात म्हणाले, "ही सगळी पद्धत तुमच्याच सहीने मंजूर झालेली आहे." त्यांनी कागद पुढे सरकवले. सगळ्यांवर तिचीच सही होती, पिवळ्या पट्टीपाशी, ठसठशीत. ताईने ते कागद त्या दिवशी पहिल्यांदा पुरते वाचले. वाचून झाल्यावर तिला सल्लागाराचा राग येईना. आला तो स्वतःचाच, आणि तो कुणावर काढता येत नाही.

पद गेले, खुर्ची गेली. तिला जिन्याखालच्या काचेच्या खोलीत परत पाठवले. तिथे आता जुन्या चिठ्ठ्यांची पोती ठेवली होती आणि ती सांभाळणे हे तिचे काम होते. काका त्या संध्याकाळी खोलीत डोकावले. पोत्यावर बसले आणि म्हणाले, "तुझा मोबाइल नंबर सांग. मोठ्याने, सावकाश सांग." तिने सांगितला. काकांनी तो पुठ्ठ्यावर लिहून घेतला. दुसऱ्या दिवसापासून काका आणि त्यांचे सोबती ज्या ज्या लिफ्टला हात लावत, तिच्या बाहेर, फलकाच्या खालच्या कोपऱ्यात, तो नंबर न पुसणाऱ्या शाईने लिहू लागले. कुणी अडकले की घरचे बाहेरून फोन करत, ताई पोत्यांमध्ये उभी राहून मेकॅनिक पाठवी, माणूस बाहेर येई आणि मग ॲपवरचे सगळे सोपस्कार माणूस चहा पीत असताना निवांत पार पडत.

परिणाम व्हायचा तोच झाला. कक्षाचे आकडे झळकू लागले. मंजुरी मिळण्याआधीच सुटका झालेली असल्याने सरासरी वेळ शून्याच्या खाली गेली. सल्लागाराने यावर एक निबंध लिहिला आणि तो दोन परिषदांत वाचला. त्यात काचेच्या खोलीचा उल्लेख नव्हता, आणि त्याला दोष देता येणार नाही. ती खोली कुठल्याच चिठ्ठीवर नव्हती.

फक्त एक ओळ, 'प्रक्रियाबाह्य सुटका' असा शेरा बसल्यामुळे बंद करता न येणारी, नाठाळपणे यादीत बसून होती. मास्तरांचे वास्तव्य चौतिसाव्या दिवशीही लांबतच होते. परीक्षक सोमवारी येणार. तेव्हा शुक्रवारी सहा जणांचे पथक मास्तरांच्या इमारतीत गेले. दार उघडायला काका होतेच; ताईलाही 'सुटका-साक्षीदार' म्हणून नेले, कारण तसा एक रकाना होता.

"पाचच मिनिटं आत उभे राहा," सल्लागाराने मास्तरांना विनंती केली. "आम्ही दार लावू, नियमाप्रमाणे तक्रार मंजूर करू आणि तुम्हाला रीतसर सोडवू. आधीचा एक फोटो, नंतरचा एक. म्हणजे तुम्हीही मोकळे, आम्हीही."

"मी मोकळाच आहे," मास्तर म्हणाले.

"नोंदीत नाही."

आजी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अजिबात जायचं नाही." पण मास्तर जन्मभर सरकारी शाळेत नोकरी केलेले. फवारा खिशात घालून ते लिफ्टमध्ये जाऊन उभे राहिले. दार लागले, फोटो निघाला, मंजुरी आली, काकांनी दार उघडले. पथकाने टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मास्तरांच्या खिशातला मोबाइल वाजला आणि पडद्यावर आले: 'आमची सेवा आपल्याला कशी वाटली?' खाली पाच रिकामे तारे होते. मास्तरांनी चष्मा वर केला, बोट टेकवले आणि मोबाइल खिशात टाकला. सल्लागाराच्या हातातला मोबाइल उजळला. "पाच!" तो ओरडला. "पाचही तारे! ताई, हे बघा. ग्राहक स्वतः म्हणतोय. आता तुमचं काय म्हणणं आहे?"

पथक जिना उतरून गेल्यावर ताई मागे थांबली. माफी मागायला म्हणून आली होती ती. पण तिच्या तोंडून दुसरेच बाहेर पडले.

"मास्तर, तुम्ही जवळजवळ गेला होतात. मी कागदावर सही केली म्हणून गेला होतात. मला तुम्ही शिव्या द्यायला हव्यात. आणि तुम्ही त्यांना पाच तारे दिलेत?"

मास्तर ओशाळले. "अहो, तुम्हाला खोटं वाटेल, पण अडतीस वर्षांत मी एकाही मुलाला पैकीच्या पैकी दिले नाहीत. शुद्धलेखनाचा अर्धा तरी कापायचोच."

"मग?"

"मग काय! ते पडद्यावरून जातच नाही. दोन दाबले तर कारण लिहा म्हणतं. चार दाबले तर 'आम्ही कुठे कमी पडलो' म्हणून विचारतं. पाच दाबले की गप्प बसतं आणि जातं." त्यांनी खांदे उडवले. "माझ्या पाचाने काय होणार आहे?"

आजींनीही मान डोलावली. गॅसवाल्याला, बँकेला, दवाखान्याला, सगळ्यांना त्याही पाचच देत होत्या. देऊन टाकले की पीडा टळते.

पुरस्कार कंपनीला मिळाला. त्या पद्धतीने ॲप विकसित करण्याचा करार त्यानंतर एका इस्पितळाने केला, मग एका शाळेने, आणि तुमचे घर ज्यांच्याकडून वीज घेते त्यांनीही. मास्तरांना नावे ठेवणार असाल तर खुशाल ठेवा. पण परीक्षकांच्या अहवालात मास्तर एकटे नाहीत; अडतीस हजार तारे तिथे ओळीने मांडलेले आहेत. परवा तुमच्याही मोबाइलवर असाच प्रश्न आला होता. तुमचे बोट तिसऱ्या ताऱ्यापाशी क्षणभर घोटाळले, मग कारण कोण लिहीत बसणार म्हणून पुढे सरकले. ते वाया गेलेले नाही. अहवालाच्या तिसऱ्या पानावर, 'अत्यंत समाधानी' या शीर्षकाखाली, तुमची रीतसर नोंद झालेली आहे.